नाळेतून स्टेम सेल वाढवताना

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी मला बाळाच्या नाळेतून मूलपेशी, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या स्टेम सेल, वाढवायच्या होत्या. एथिक्स कमिटीची मंजुरी हातात होती, बाळाच्या आईने बाळंतपणाआधीच संमतिपत्रावर सही केली होती. तरी नाशिकच्या द्वारकेजवळच्या प्रसूतिगृहात बाळाच्या आजींनी मला थांबवलंच. "अगं, वार-नाळ पुरायची असते. तू कुठं नेतेस?" मी सांगितलं, इथून ती दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जाऊन जळणारच आहे. आजी जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "ने बाई. पण वाया घालवू नकोस."

बर्फाचा डबा स्कूटीवर पायाशी ठेवून गंगापूर रोडच्या लॅबमध्ये आले. रक्त निघेपर्यंत नाळ धुतली. आतल्या दोन धमन्या आणि एक शीर चिमट्याने ओढून काढली की उरते व्हार्टन्स जेली, शिजलेल्या साबुदाण्यासारखी बुळबुळीत. तिचे दोन-तीन मिलिमीटरचे तुकडे डिशमध्ये मांडले, मीडियम, म्हणजे पेशी वाढवायचं पोषक द्रव, घातलं आणि डिश इन्क्युबेटरमध्ये 37 अंशांवर, 5 टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवली.

चूक इथेच झाली. मी रोज डिश काढून बघायचे. तळाला चिकटण्याआधीच तुकडे हलले आणि तरंगू लागले. तरंगत्या तुकड्यातून पेशी उतरणार कुठे? ती डिश फुकट गेली. फार वाईट वाटलं. आजींचे शब्द डोक्यातून जाईनात.

नाळेचा बाकीचा भाग मीडियममध्ये राखून ठेवला होता. या वेळी तुकडे मांडून थोडा वेळ तसेच राहू दिले, मग कडेने थेंब-थेंब मीडियम सोडलं आणि तीन दिवस इन्क्युबेटरचं दार उघडलं नाही. दहाव्या दिवशी एका तुकड्याच्या काठाला लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या पेशी दिसल्या. आठवड्याभरात त्या माशांच्या थव्यासारख्या एका दिशेने पसरल्या.

पण डिशला चिकटली म्हणून स्टेम सेल ठरत नाही. 2006 च्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार या प्रकारच्या (मेसेन्कायमल) स्टेम सेलवर सीडी 73, 90, 105 ही चिन्हं, म्हणजे पृष्ठभागावरची ठरावीक प्रथिनं, हवीत आणि हाड, कूर्चा, चरबी असं तिन्ही बनता यायला हवं. हाडासाठी खास मीडियममध्ये 21 दिवस ठेवून अलिझरिन रेड हा कॅल्शियम लाल रंगवणारा रंग टाकला. कॅल्शियमचे लालभडक ठिपके उमटले तेव्हा डोळे भरून आले.

उरलेल्या पेशी आता द्रव नायट्रोजनमध्ये आहेत. कुपीवर फक्त कोड आहे. आजींचं नाव मलाही माहीत नाही.