हंगामात दुकान सोडून

गोदाकाठच्या एका बाजाराच्या गावात माझं कृषी सेवा केंद्र आहे. आषाढीची वारी आणि आमचा हंगाम दोन्ही एकदमच येतात. मृगाचा पाऊस झाला की कापूस-सोयाबीनच्या बियाण्याला झुंबड उडते. युरियाची 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांची, तिच्यासाठी सकाळी आठपासून रांग असते, खत देताना अंगठा घ्यायच्या मशीनला नेमकी तेव्हाच रेंज नसते, आणि त्याच दिवसांत पैठणहून एकनाथांची पालखी पंढरपूरकडे हलते. बरीच वर्षं हे कारण सांगून मी घरी बसलो. मग एकदा बायको म्हणाली, "तुम्ही नसल्यावर लोक पेरायचे थांबणारेत का?" तेव्हापासून आषाढीला मी जातो, कार्तिकीला ती जाते.

वारीतून काय मिळतं, असं गिऱ्हाईक विचारतात. देवाचं मला फारसं बोलता येत नाही. जगायचे चार साधे नेम मात्र त्या वाटेवर पटले आणि घरी आल्यावरही टिकले. न टिकलेलेही आहेत. पहाटे तीनला उठणं त्यातलंच.

सगळ्यात आधी टिकला तो फोनचा नेम. पहिल्या वर्षी चनकवाडीच्या मुक्कामावरून मी दुकानात विचारत होतो की अमक्या कंपनीचा माल उतरला का, त्या पोत्यांवर ताडपत्री टाकली का. तिसऱ्या फोनला तिकडून बायकोचा आवाज आला, "फोन कामून करायलाव सारखा? गिऱ्हाईक उभंय इथं." आता रात्री हरिपाठ झाला की एकदाच फोन, आणि तोही पोरांची चौकशी करायला. काम एकदा सोपवलं की सोपवलं. अर्धवट सोपवलेलं काम करणाऱ्याच्याही डोक्यावर बसतं आणि देणाऱ्याच्याही. तिनं एखादी गोष्ट माझ्यापेक्षा वेगळी केली, तर ती चुकली असं धरायचं नाही. हे लिहायला सोपं आहे, पण पाटोद्यापर्यंत चालल्याशिवाय ते अंगात उतरत नाही.

नाथांची एक आख्यायिका कीर्तनात हमखास येते. देवगिरीला जनार्दनस्वामींकडे असताना एकनाथ हिशोबाला बसले. एका पैचा मेळ लागेना. रात्रभर वह्या चाळल्या, पहाटे चूक सापडली आणि त्यांनी आनंदानं टाळी वाजवली. कीर्तनकार इथून देवाकडे वळतात: एका पैसाठी एवढं चित्त लागतं, तर ते पांडुरंगाच्या ठायी लागलं तर काय होईल! बरोबर आहे. पण मी पडलो दुकानदार. मला वाटतं, त्या पहाटे नाथांना काय गाढ झोप लागली असेल!

म्हणून निघायच्या आधी मी वही उघडतो. डीलरचं देणं चुकतं करतो. आणि वसुलीची आशा संपलेली नावं एका पानावर काढून त्यावर रेघ मारतो. शेजारचा किराणावाला मला येडा म्हणतो. यात दानधर्म काहीच नाही. एका गड्याकडे माझे साडेतीन हजार अडकले होते. तो बाजारात दिसला की मी वाट बदलायचो. पैसे बुडवले त्यानं आणि तोंड लपवायचो मी! रेघ मारली त्या आठवड्यात त्याच्याच शेजारी उभा राहून चहा प्यालो. त्याला काही कळलं नाही, कळायची गरजही नव्हती. मात्र रेघ मारलेल्याला पुन्हा उधार नाही. रोख आणावं आणि माल न्यावा. इतका साधुपणा मला परवडत नाही.

नाथांच्या वाटेवर गर्दी असते, पण माउलींच्या नि तुकोबांच्या सोहळ्याइतकी नाही, आणि कॅमेरे तर फारच कमी. शेवगाव-पाथर्डीची शिवारं मागे पडली की पालखी बीड जिल्ह्यात शिरते. मिडसांगवीचं पहिलं रिंगण झालेलं असतं. रायमोहा सोडलं की बालाघाटचा चढ लागतो. दगड, तरवड, बाभळी, आणि पावसानं ओढ दिली असेल तर नांगरून उघडी पडलेली रानं. हा पाऊस कमी असणारा पट्टा. दसरा-दिवाळी झाली की इथल्या वाड्या-वस्त्या ओस पडतात, ट्रकच्या ट्रक ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात नि कर्नाटकात निघतात. चालताना बांधावर उभी माणसं आपल्या पायाकडे आधी बघतात आणि मग आभाळाकडे. एक म्हातारा मला म्हणाला, "माउली, पांडुरंगाला सांगा, इकडं बी येत जा म्हणावं." पाऊस असा शब्द त्यानं उच्चारलासुद्धा नाही.

त्याच चढावर माझ्या टाचेला फोड आला. आमच्या दिंडीत शिरूर कासारकडची एक मावशी आहे. ऊसतोडीला तिचा आणि नवऱ्याचा मिळून एक कोयता, म्हणजे दोघांची एक जोडी. मुक्कामाला शाळेच्या व्हरांड्यात मी पाय धरून बसलो होतो, ती कमरेची पिशवी सोडत आली. "पाय इकडं करा." सुईत पांढरा दोरा ओवला, बाटलीच्या झाकणात खोबरेल घेऊन दोरा त्यात बुडवला, सुई काडीच्या जाळावर धरली आणि फोडाच्या एका बाजूनं घालून दुसऱ्या बाजूनं काढली. दोरा आतच ठेवून दोन्हीकडं बोटभर टोकं सोडली. "रातभर पाणी झिरपून जाईल. कातडं उपटू नका, आत नवं यीस्तोर जुनंच बरं." सकाळी फोड बसला होता. डॉक्टर लोक याला हो म्हणतील की नाही, त्यांनाच विचारा; मी पुढचा मुक्काम गाठला.

दोरा ओवताना ती उचलीचं सांगत होती. पावसाळ्यात ऊसतोडीचा मुकादम दारात येतो, आगाऊ पैसे देतो, आणि ते फिटेपर्यंत तुम्ही त्याचे. मुलीच्या शाळेसाठी तिला यंदा उशिरा जायचं होतं. नवरा म्हणायचा, पुरी उचल घेऊ, घराचं पत्र्याचं काम होऊन जाईल. ही म्हणाली, "म्या म्हणलं, निम्मीच घ्या. मग निम्मंच ऐकून घ्यावं लागतंय."

मोकळेपणावर मी बरीच प्रवचनं ऐकली आहेत. एवढं नेमकं कुणी बोललेलं आठवत नाही. त्या वर्षी मी दुकान मोठं करायला कर्ज काढणार होतो. बँकेचे कागद तयार होते. परत आल्यावर मागितलेली रक्कम निम्मी केली. दुकान लहानच राहिलं आणि आजही गोण्या फुटपाथवर रचाव्या लागतात.

ही मावशी दिंडीत भाकरी थापायला बसत नाही. इथंही पिठात हात घालतात त्या बायाच, हे खरं आहे आणि मला ते पटत नाही. गडी पखवाजाजवळ नाहीतर आडवे. ती सरळ म्हणते, "घरी काय कमी थापते? वर्गणी भरलीय म्या," आणि पहिल्या पंगतीला बसते. काही बायका नाकं मुरडतात. मावशी पिठल्यात ठेचा कालवते, दुसऱ्यांदा मागून घेते, हात धुऊन झोपते. दोन वर्षांपूर्वी तिच्या शेजारी पंगतीला आणखी एक जण बसली, यंदा तिघी-चौघी होत्या. मग आम्ही गड्यांनी आळीपाळीनं कांदे चिरायला आणि भांडी घासायला सुरुवात केली. माझ्या भाकरीला आकार येत नाही. चिरायला मात्र मी बरा आहे.

जागेवरून भांडायचं नाही, हाही नेम इथलाच. मुक्कामाचं गाव आलं की ट्रकमधून वळकट्या आधी उतरतात आणि देवळाचा ओटा, शाळेची खोली, पंख्याखालची जागा यासाठी जाणते लोकही पोरासारखे धावतात. मी शेवटी जातो. जिथं वळकटी पसरेल तिथं पसरतो. यात तोटा आहे, लपवत नाही: परांड्याला मी टँकरच्या तोटीजवळ झोपलो आणि पहाटे आंघोळीचं सगळं पाणी माझ्या पांघरुणातून गेलं. पण रोज संध्याकाळी चालण्याचा शेवटचा कोस मी टाळ वाजवत येतो. जागा धरणारे तो कोस घाईत काढतात.

वारीनं माणसं बदलतात असं मी कधी म्हणणार नाही. आमच्याच दिंडीत दोन चुलतभाऊ आहेत. बांधावरून दावा चालू आहे, गावात एकमेकांचं तोंड बघत नाहीत. इथं मात्र दिंडीचा रिवाज म्हणून भेटला की पाया पडायचं. धाकटा वाकतो, मग थोरलाही वाकतो. पारगाव घुमऱ्याच्या रिंगणात दोघांनी पावली खेळली, घामानं भिजले. लोकांना वाटलं, मिटलं. आषाढीनंतरच्या तारखेला दोघेही आपापल्या वकिलाबरोबर हजर होते. याला कुणी ढोंग म्हणतं. मला तसं वाटत नाही. भांडण कोर्टात ठेवून बाकी दिवस मोकळं राहता येत असेल, तर तेवढं तरी शिकावं. मीही आता दुकानातला वाद दुकानातच ठेवतो. त्या माणसाच्या घरचं लग्न चुकवत नाही.

खर्डा येतो, 1795 साली मराठे नि निजाम जिथं लढले ते. परांड्याचा किल्ला येतो. मग सोलापूर जिल्हा लागतो आणि अरण. अरण हे सावता माळ्याचं गाव, त्यांची समाधी तिथंच. परंपरा अशी सांगते की सावतोबा कधी पंढरीला गेलेच नाहीत. मळ्यात मोट, नाडा, भाजी यातच त्यांनी विठ्ठल पाहिला. कोसच्या कोस तुडवणारे आम्ही अशा माणसापुढं डोकं टेकतो. दरवर्षी टाळ-पताका घेऊन मिरवणाऱ्याला ही जागा चांगलीच जमिनीवर आणते. नाथही घरसंसार सांभाळूनच राहिले, पैठणच्या वाड्यात. तेव्हा दुकान सोडून चालणारा मी आणि दुकान चालवत घरी राहिलेली ती, यात जास्त वारकरी कोण, हा प्रश्न मी अरणला विचारतो आणि उत्तर माझ्या बाजूनं येत नाही.

पंढरपुरात दर्शनाच्या रांगेत मी उभा राहत नाही. चंद्रभागेत स्नान, नामदेव पायरीला डोकं, कळसाला हात जोडले की झालं. पुढच्या एसटीनं परत.

यंदा परतलो तर पाऊस झाला होता, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. रात्री तिनं वही दाखवली. हिशोब चोख होता. फक्त एका ओळीवर मी थांबलो: डीएपी खताच्या दोन गोण्या, 2700 रुपये, उधार. खाली नाव बाईचं, आडनाव त्या साडेतीन हजारवाल्याचं.

"ह्याच्यावर रेघ मारलेली होती," मी म्हणालो.

"त्याच्यावर होती. ही त्याची बायको. तिनं कधी बुडवलेत का आपले?"

नाही, असं म्हणावं लागलं.

"मग जेवून घ्या. आणि कार्तिकीला हरभऱ्याचं बियाणं विकायला लागेल तुम्हाला, आत्ताच सांगून ठेवते. मी फोन करणार नाही."