निवृत्तीला टेकलेला तपासी अंमलदार

रहस्यकादंबरीत निवृत्तीला आलेला पोलीस आणला की लेखक बहुधा त्याला मधुमेह, रुसलेली मुलगी आणि एक न सुटलेली जुनी केस देऊन मोकळा होतो. कथा खानदेशातली असेल तर एवढी भरताड लागत नाही. त्याची जन्मतारीख १ जून १९६८ ठेवा, बास.

शाळेत नाव घालताना मास्तरांनी टाकलेली १ जून ही अर्ध्या गावाची जन्मतारीख. आपल्याकडे पोलीस ५८ पूर्ण झाल्यावर महिनाअखेरीस निवृत्त होतो, पण जन्म १ तारखेचा असेल तर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. म्हणजे ३१ मे २०२६.

आता आरोपीला ३ मार्चला कोर्टापुढे उभं करा. खुनाच्या गुन्ह्यात दोषारोपपत्राला ९० दिवस मिळतात. रिमांडचा दिवस धरून नव्वदावा दिवस येतो तो ३१ मे, त्यात रविवार. मुदत हुकली की पुरावा कितीही भक्कम असो, आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. इथे हमखास होणारी चूक म्हणजे नाशिकच्या प्रयोगशाळेतून सीए (रासायनिक तपासणीचा) रिपोर्ट आला नाही म्हणून चार्जशीट अडवून ठेवणं. तशी ती अडत नाही. आहे त्यावर दाखल करतात, रिपोर्ट मागाहून पुरवणीने जातो.

निरोपाचा नारळ घेतला की केस डायरी दुसऱ्याच्या ताब्यात. खटला उभा राहतो तो पुढे कधीतरी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३६ नुसार निवृत्त अधिकाऱ्याने केलेल्या कागदांबाबत त्याच्या जागी आलेला साक्ष देऊ शकतो. साक्षीच्या पिंजऱ्याचा शेवटचा प्रसंगही नायकाच्या हातून जातो. माझ्या मते हे मधुमेहापेक्षा जास्त बोचतं.

खात्याचं गणित थोडक्यात: जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे एसपी, म्हणजे पोलीस अधीक्षक; पोलीस आयुक्तालय कुठेच नाही. त्यामुळे मुंबईची क्राइम ब्रँच आणू नका, इथे स्थानिक गुन्हे शाखा, म्हणजे एलसीबी. भुसावळला रुळांवर प्रेत मिळालं तर आधी लोहमार्ग पोलीस.

मे महिन्यात दुसरं प्रेत आणायचा मोह झाला तर उन्हाचा विचार करा. हवाच ४४-४५ अंशांवर असताना ३७ अंशांचं शरीर थंड होत नाही, त्यामुळे तापमानावरून मृत्यूची वेळ काढता येत नाही. ताठरपणा लवकर येतो, लवकर जातो. रावेरच्या भिजत्या केळीबागेत आणि उघड्या काळ्या रानात एकाच वेळी मेलेली दोन माणसं दोन वेगळ्या दिवशी मेल्यासारखी दिसतील. डॉक्टरांच्या तोंडी 'रात्री दहा ते साडेदहा' घालू नका.

आणि जबाब. माणूस सांगतो, "मी रातले पानी भराले वावरमा गयेल व्हतू." कागदावर उतरतं, 'समक्ष विचारलेवरून सांगतो की, मी रात्री शेतात पाणी भरणेस गेलो होतो.' शहरातला वाचक (आणि शहरातला नवा अधिकारीही) हंडा-कळशी डोळ्यांपुढे आणतो. इथे पाणी भरणं म्हणजे पिकाला पाणी देणं, आणि त्याला मोटर लागते. शेतीची थ्री-फेज वीज पाळीने मिळते. त्या आठवड्यात त्या फीडरला (वीजवाहिनीला) दिवसपाळी होती, हे ज्याच्या लक्षात येईल तो आपला नायक.