तांदूळ धुवावेत तसा मजकूर

व्हॉट्सॲपवर आलेली सोसायटीच्या सभेची नोटीस, कुणीतरी वर्डमध्ये तीन रंगांत सजवून पाठवलेला वृत्तान्त, कुठल्याशा वेबसाइटवरची माहिती. असलं काहीही हाती आलं की मी ते आधी विंडोजच्या नोटपॅडमध्ये टाकतो आणि मग तिथून उचलतो. तांदूळ धुवावेत तसं. निळ्या लिंका, पिवळे पट्टे, ठळक-तिरपी अक्षरं सगळं वाहून जातं. हल्ली बऱ्याच ठिकाणी कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही दाबूनही हेच साधतं म्हणा, पण हाताचं वळण जात नाही. शिवाय रंग उतरला की निम्म्या नोटिसांत सांगण्यासारखं एवढंच उरतं: रविवारी अकरा वाजता खाली या.

१९८५ साली विंडोजची पहिली आवृत्ती आली तेव्हापासून नोटपॅड तिच्यासोबत आहे, आणि त्यातली बरीच वर्षं त्याने कुणासाठी काही जास्तीचं केलं नाही. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये फाइल ६४ केबीच्या वर गेली की ते सरळ हात वर करायचं आणि विंडोजच्याच वर्डपॅड नावाच्या जरा मोठ्या प्रोग्रॅममध्ये उघडू का, असं विचारायचं. (त्या वर्डपॅडलाच २०२४ मध्ये विंडोज ११ मधून नारळ मिळाला.) कंट्रोल-झेडने मागे जायचं तर पूर्वी एकच पाऊल. दुसऱ्यांदा दाबलं की मागे घेतलेलं परत हजर.

मराठीत लिहिणाऱ्यांची मात्र त्याने चांगलीच परीक्षा पाहिली. कृतिदेव ह्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला लेख त्यात टाकला की इंग्रजी अक्षरांचा, कंसांचा, टिंबांचा कचरा दिसायचा. फाइलमध्ये मुळात तेच होतं, मराठी फक्त फॉन्टच्या रूपाने वर चढलेली. मग प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारं युनिकोड आलं, पण सेव्ह करताना खाली एन्कोडिंगचा, म्हणजे अक्षरं कुठल्या पद्धतीने साठवायची ते ठरवणारा, जो छोटा खण असतो, त्यात आधीपासून ‘आन्सी’ ही देवनागरी न मावणारी जुनी पद्धत निवडलेली असायची. मजकुरातली काही अक्षरं जातील, असा इशारा यायचा, पण इशारे वाचतो कोण? ओके दाबून बंद केलेली फाइल पुन्हा उघडली की ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हं. तीही हिशोबाने: ‘पाणी’ लिहिलं असेल तर चार, कारण काना आणि वेलांटी संगणकाच्या लेखी स्वतंत्र अक्षरं. प्रश्नचिन्हांवरून मूळ शब्द परत मिळवायचा कुठलाच उपाय नाही. २०१९ मध्ये विंडोज १० च्या नोटपॅडने यूटीएफ-८ ही युनिकोड साठवणारी पद्धत आपणहून निवडायला सुरुवात केली आणि ही कटकट संपली. इंग्रजीवाल्यांच्या लक्षातही आला नसेल असा बदल.

त्याची एक खुबी फार थोड्यांना ठाऊक असते. फाइलच्या अगदी पहिल्या ओळीत टिंब आणि त्याला लागून इंग्रजी कॅपिटल अक्षरांत ‘लॉग’ लिहून सेव्ह करायचं. पुढे ती फाइल जेव्हा जेव्हा उघडाल, तेव्हा शेवटी त्या वेळची तारीख आणि वेळ आपोआप पडते. आमच्या घरच्या गॅसची फाइल अशी आहे. सिलिंडर बदलला की उघडायची, तारखेखाली ‘लावला’ एवढंच लिहायचं, बंद करायची. मधूनच एखाद्या तारखेखाली काहीच नसतं. तेव्हा नुसतं बघायला उघडलेली असते. ह्यासाठी मोबाइलवर ॲप घ्या, असं घरातली तरुण मंडळी सांगतात. ॲप आधी लॉगिन मागतं.

आता नोटपॅडही शिकूनसवरून शहाणं व्हायला निघालंय. २०२३ मध्ये टॅब आले, पुढच्या वर्षी स्पेलिंग तपासणी आली आणि त्यापाठोपाठ तुमचा मजकूर एआयकडून नव्याने लिहून देण्याची सोय. टॅबबद्दल माझी तक्रार नाही. सेव्ह न करता बंद केलेलं दुसऱ्या दिवशी जसंच्या तसं समोर येतं, ही तर मेहेरबानीच. पण जिथे मी दुसऱ्यांची सजावट उतरवायला जातो, तिथेच कुणी नवी सजावट घेऊन उभं राहिलं तर कसं चालायचं? सेटिंग्जमध्ये जाऊन मी स्पेलिंगची आणि एआयची बटणं बंद करून टाकलीत. दर मोठ्या अपडेटनंतर ती पुन्हा चालू झाली नाहीत ना, तेवढं मात्र बघून घेतो.