ओस्पिताल दे ओर्बिगोला नुसता फोटो काढून पुढे जाऊ नका

स्पेनमधे लेओन शहर सोडलं की कामिनो, म्हणजे सांतियागोची पायी यात्रा, चालणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यात पुढचं एकच नाव असतं, आस्तोर्गा. मधे ओस्पिताल दे ओर्बिगो नावाचं हजारेक वस्तीचं गाव लागतं. लोक तिथल्या पुलाचा फोटो काढतात, कॉफी पितात, क्रेदेन्सियालवर, म्हणजे यात्रेकरूंच्या त्या पासपोर्टवर, शिक्का मारून घेतात आणि पाठीवर सॅक टाकून चालू पडतात. मला हे खरंच खटकतं. सांतियागोच्या अख्ख्या फ्रेंच वाटेवर मला सगळ्यात जास्त आवडलेलं गाव कुठलं असं कोणी विचारलं तर मी हेच नाव घेते, आणि तिथे मुक्काम केल्याशिवाय ते कळत नाही.

आम्ही दोघी होतो, मी आणि माझी मावशी, सप्टेंबर नुकताच लागला होता. लेओनच्या बाहेर ला विर्हेन देल कामिनोपाशी वाट फुटते. एक वाट एन-१२० हायवेला चिकटून जाते, अंतर कमी पण शेजारून दिवसभर ट्रक, आणि दुसरी डावीकडून व्हियार दे माथारिफेवरून, थोडी लांबची पण शांत. आम्ही दुसरी धरली आणि रात्री माथारिफेला थांबलो. सकाळी तिथून निघालं की सपाट माळ, त्याला तिकडे पारामो म्हणतात, नाकासमोर सरळ रस्ता, दोन्ही बाजूला मका आणि पाटाचं पाणी. डोंगर बघायचे तर पार उत्तरेला निळसर रेघ दिसते तेवढेच. काहींना हा पट्टा कंटाळवाणा वाटतो, पण मावशी म्हणाली की पाटाचं पाणी बरोबर चालत असलं की पायांना कळत नाही किती चाललो ते, आणि ते पटलं मला.

व्हियाव्हान्ते मागे पडलं, रेल्वेचे रूळ आणि मोठा महामार्ग ओलांडला, मग पुएन्ते दे ओर्बिगो नावाची छोटी वस्ती आली, आणि ती संपते तिथे एकदम समोर तो पूल.

आता पूल कसा आहे ते नीट सांगते कारण फोटोत तो कळत नाही. साधारण दोनशे मीटर लांब, वीसेक कमानी, मूळ बांधकाम तेराव्या शतकातलं म्हणतात, पण त्यानंतर इतक्या वेळा पडला आणि दुरुस्त झाला की कुठली कमान कधीची हे बघत बसलात तर दुपार जाईल. काही कमानी गोल, काही वर टोकदार, रुंदीला एकीसारखी दुसरी नाही. वरून चालताना तो मधे थोडा वाकतो आणि चढउतारही आहे त्याला. फरशी गोट्यांची आहे, दिवसभर चाललेल्या पायांना प्रत्येक गोटा वेगळा लागतो. नेपोलियनच्या फौजा मागे लागल्या होत्या तेव्हा, १८०८-०९ च्या हिवाळ्यात, त्यांना अडवायला याच्याही कमानी उडवल्या होत्या. आणि या जागेवर लढाई त्याही आधीची आहे, इसवी सन ४५६ मधे व्हिसिगोथ राजा दुसरा थिओडोरिक आणि स्वेबी राजा रेकियार यांची गाठ याच नदीकाठी पडली आणि रेकियार हरला. म्हणजे नदी पार करायची जागा आपल्या हातात असावी यासाठी माणसं पूल बांधायच्या आधीपासून भांडतायत.

पुलावर उभं राहिल्यावर पहिला प्रश्न पडतो तो मात्र वेगळाच. एवढ्या कमानी, आणि पाणी मोजक्या कमानींखालीच! बाकीच्यांखाली गवत, आणि पुढे मोकळं मैदान. याचं उत्तर वरच्या अंगाला आहे. ओर्बिगो ही लूना आणि ओमान्या या दोन नद्या एकत्र येऊन होते, आणि लूनेवर १९५६ मधे बार्रिओस दे लूनाचं धरण झालं. त्याच्या आधी पुराचं पाणी पार या टोकापर्यंत पसरायचं, तेव्हाच्या लोकांनी पूल उगाच लांब बांधला नव्हता. धरणाचं पाणी पाटांमधून पारामोवर गेलं, तोच आम्ही सकाळभर बघितलेला मका, आणि नदी आक्रसली. धरणाखाली लूनेच्या खोऱ्यातली गावंही गेली. मक्याचं शेत छान दिसतं तेव्हा हेही लक्षात ठेवावं असं मला वाटतं.

पण या पुलाचं नाव झालं ते १४३४ मुळे. ती गोष्ट तुम्हाला कामिनोवर कोणीही दोन वाक्यांत सांगेल, प्रेमवीर सरदार, भाले, पूल वगैरे. मला ती पूर्ण सांगायचीय.

सुएरो दे किन्योनेस हा लेओनचा तरुण सरदार. एका बाईवर जीव जडलेला, आणि आपण तिचे कैदी आहोत हे दाखवायला तो दर गुरुवारी गळ्यात लोखंडी कडं घालायचा. या कैदेतून सुटायचा मार्ग त्यानेच शोधला, आणि राजा दुसरा हुआन याच्याकडे जाऊन रीतसर परवानगी मागितली, की मी माझ्या नऊ साथीदारांसह ओर्बिगोच्या पुलाशी उभा राहीन, जो कोणी सरदार येईल त्याच्याशी घोड्यावरून भाल्याने लढेन, आणि तीनशे भाले मोडले की मी मोकळा. राजाने हो म्हटलं. ते सांतियागोचं पवित्र वर्ष होतं, म्हणजे २५ जुलैचा संत याकोबाचा, म्हणजेच सांतियागोचा, सण रविवारी आलेला (आता पुढचं पवित्र वर्ष २०२७ ला आहे), त्यामुळे वाटेवर गर्दी भरपूर. सणाच्या आधी दोन आठवडे आणि नंतर दोन आठवडे हा प्रकार चालला. साध्या यात्रेकरूंना अडवत नव्हते, पण सरदार असाल आणि लढायचं नसेल तर शस्त्र नाहीतर उजव्या बुटाला लावलेली, घोड्याला टोचायची आर काढून ठेवून जायचं. बाईमाणूस असेल आणि तिच्यासाठी लढणारा सरदार बरोबर नसेल तर उजव्या हाताचा हातमोजा काढून द्यायचा. हे सगळं आपल्याला इतकं बारीक माहितीय कारण पेरो रोद्रिगेथ दे लेना नावाचा एक नोटरी तिथे बसून कोण आलं, किती फेऱ्या झाल्या, भाला कुठे लागला, सगळं लिहून घेत होता. सहाशे वर्षांपूर्वी!

तीनशे भाले काही मोडले नाहीत. ९ ऑगस्टला थांबले तेव्हा आकडा १६६ होता, सुएरो आणि त्याच्या बाजूचे बहुतेक सगळे जखमी, उभं राहायला माणूस उरला नव्हता. पंचांनी सांगितलं की मान राखलास, आता पुरे, आणि कडं उतरवलं. मग तो सांतियागोला गेला आणि सोन्याचा मुलामा दिलेलं एक कडं तिथे अर्पण केलं. ते अजून तिथल्या कॅथेड्रलमधे आहे, धाकट्या संत याकोबाच्या अर्धपुतळ्याच्या गळ्यात.

पुलावर एका दगडी खांबावर सुएरो आणि साथीदारांची नावं कोरलीयत. मी ती वाचून मावशीला गोष्ट सांगत होते आणि ती ऐकता ऐकता मधेच थांबली.

"अगं, एवढे भाले मोडले त्यात कोणी मेलं नाही?"

"मेला ना मावशी, एक जण मेला."

आस्बेर्त दे क्लारामुन्त, आरागॉनकडचा. भाल्याचं टोक शिरस्त्राणाच्या फटीतून डोळ्यात घुसलं आणि जागीच गेला. चर्चने त्याला पवित्र भूमीत पुरायला परवानगी दिली नाही, कारण असल्या खेळात मेलेल्याला ती मिळत नसे. सुएरोने विनवण्या केल्या तरी नाही. म्हणजे ज्याने हा सगळा घाट घातला त्याचं कडं कॅथेड्रलमधे आणि जो पाहुणा म्हणून आला तो कुंपणाबाहेर. मावशीने ते ऐकून चपला काढल्या, पुलाच्या कठड्याला हात लावून नमस्कार केला. "त्याच्यासाठी," म्हणाली. मला तेव्हा फार भरून आलं, आणि आता कोणीही ही गोष्ट नुसती प्रेमकहाणी म्हणून सांगितली की मी त्या माणसाचं नाव सांगितल्याशिवाय राहत नाही.

दुपारी गाव झोपतं. दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही, हे स्पेनमधल्या कुठल्याही गावात होतं, त्यामुळे पोचल्या पोचल्या खायचं बघून घ्या. आम्ही पॅरिशच्या अल्बेर्गेत, म्हणजे चर्चच्या यात्रेकरू-निवासात, उतरलो, मधे अंगण, कडेने खोल्या, धुतलेले कपडे वाळायला भरपूर ऊन. संत हुआनच्या चर्चवर करकोच्यांची मोठमोठी घरटी आहेत पण करकोचे तोपर्यंत दक्षिणेला निघून गेले होते, ते बघायचे तर वसंतात या. गावाच्या नावातलं ओस्पिताल म्हणजे सेंट जॉनच्या नाइट्सनी यात्रेकरूंसाठी चालवलेलं रुग्णालय-कम-धर्मशाळा, त्याची इमारत आता उरलेली नाही.

संध्याकाळी मात्र नदीकाठी जा. पॉपलरची उंच झाडं, पोरं पाण्यात, म्हातारे बाकांवर. आणि पुलाच्या खालून बघा, मी हे परत परत सांगतेय पण खालून बघितल्याशिवाय त्या पुलाचं वजन कळत नाही, एकेक खांब पाण्याच्या बाजूला होडीच्या नाकासारखा निमुळता केलेला आहे म्हणजे पूर आला तर धार फुटून दोन्हीकडे जावी. कोरड्या भागातलं जे मैदान आहे तिथे जूनच्या सुरुवातीच्या वीकेंडला गावकरी जुने पोशाख करून तो सामना परत खेळतात.

आणि वास! गावाबाहेर पाय मोकळे करायला गेलो तर उंच खांब, तारा, आणि त्यावर माणसाच्या तिप्पट उंचीपर्यंत चढलेले हिरवे वेल, अगदी द्राक्षाच्या मांडवासारखे पण उभे. हे हॉप्स, बिअरला कडवटपणा देतात ते. स्पेनमधले जवळजवळ सगळे हॉप्स लेओन प्रांतातले आणि त्यातही या ओर्बिगोच्या खोऱ्यातले, आणि तोडणी नेमकी ऑगस्टअखेर ते सप्टेंबर. फूल म्हणजे हिरवट कागदी पाकळ्यांचा छोटा कोन, चुरगाळलं की आत पिवळी पूड, बोटं चिकट होतात आणि लिंबू-गवत-राळ असा काहीतरी मिश्र वास रात्री जेवेपर्यंत बोटांवर राहतो.

जेवायला सोपास दे त्रुचा घ्या, मिळालं तर, कारण प्रत्येक ठिकाणी रोज नसतं. ट्राउट मासा, शिळा पाव, लसूण आणि पिमेन्तोन म्हणजे त्यांची लाल मिरची पूड. मातीच्या वाडग्यात उकळतं येतं, वर लालभडक तेल, पाव खाली बसून मऊ झालेला. मला वाटलं होतं पातळ सूप असेल, पण चमचा उभा राहील इतकं दाट. मावशी मासे खात नाही, तिने टोमॅटोचं सॅलड आणि तोर्तिया, म्हणजे तिकडचं बटाट्याचं ऑम्लेट, घेतलं आणि माझ्या वाडग्यातला नुसता लाल रस्सा पावाला लावून चाखावा की नाही यावर बराच विचार करून शेवटी नाही चाखला.

आता पुढच्या वाटेचं. गावाबाहेर पडताना परत फाटा लागतो. सरळ गेलात तर तोच एन-१२० हायवे. उजवीकडे वळलात तर व्हियारेस दे ओर्बिगो आणि सान्तिबान्येथ दे व्हाल्देइग्लेसियास, थोडं जास्त चालणं, पण तांबड्या मातीचा रस्ता, ओकची झाडं आणि चढउतार, पारामोच्या सपाटीनंतर पहिल्यांदा टेकड्या. आस्तोर्गा अशाने सतराएक किलोमीटरवर येतं, म्हणजे ओर्बिगोला रात्र काढली तरी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आरामात पोचता, तिथलं कॅथेड्रल आणि वास्तुकार गाउदीने बांधलेला बिशप पॅलेस बघायला वेळही उरतो. उजवीकडचीच वाट घ्या. सान्तो तोरिबिओच्या क्रुसापाशी चढ संपतो आणि खाली आस्तोर्गा दिसायला लागतं, तिथून सान हुस्तो दे ला व्हेगापर्यंतचा उतार तेवढा गुडघ्यांना जपून उतरा.