व्हाळाकाठचा कॅमेरा

आमच्या काजूच्या बागेतून खाली उतरलं की व्हाळ लागतो. पौषात त्याची धार तुटते आणि दोन कोंडींतच पाणी उरतं. तिथे रात्री कोण येतं, हे मला शाळेत होते तेव्हापासून बघायचं होतं. गेल्या वर्षीच्या काजूच्या पैशातून ट्रॅप कॅमेरा, म्हणजे समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, घेतला आणि जानेवारीत बांधला.

आठ दिवसांनी कार्ड उघडलं तर चौदाशे फोटो, सगळे गवताचे. या कॅमेऱ्याला नुसती हालचाल नाही, उष्णतेतला फरक कळतो. तोंड पूर्वेला केलेलं, समोर कातळ. सकाळी ऊन थेट डोळ्यात, दुपारी कातळ तापलेला आणि त्यापुढे वाऱ्यावर डुलणारं गवत. तो उघडझाप करत राहिला. शिवाय कातळ जनावराच्या अंगाइतकाच तापला, की समोरून कोणी गेलं तरी त्याला पत्ता लागत नाही.

काका बघायला आले. उभा जन्म या बागेत गेलेला माणूस. म्हणाले, "उदमांजराक बघूचा आसा मां? मगे कमरेएवढ्यार कित्याक बांधलंस?"

मग सगळं बदललं. वाऱ्यात न हलणारा, किंजळाच्या झाडाचा जाडजूड बुंधा निवडला. उंची गुडघ्याएवढी, तोंड उत्तरेला आणि वाटेला तिरकं, म्हणजे जनावर चौकटीत जास्त वेळ राहतं. समोरचं गवत कोयत्याने साफ केलं. संध्याकाळी मी स्वतः त्या वाटेने रांगत गेले, तेव्हा फोटो आला. आठ पेन्सिल सेल बदलल्यावर तारीख तपासायची, हे मात्र राहिलं. त्यामुळे एका पंधरवड्याच्या सगळ्या फोटोंवर १ जानेवारीपासूनच्या तारखा पडल्या आणि ती नोंद वाया गेली. त्याची अजून रुखरुख आहे.

साळिंदर आलं, उदमांजर आलं, रानडुकरं तर रोजचीच. आणि फेब्रुवारीतल्या एका रात्री, दोन वाजून अकरा मिनिटांनी, तीन फोटो: पहिल्यात रिकामी वाट, दुसऱ्यात खवल्यांची पाठ, तिसऱ्यात नुसती शेपटी. खवले मांजर! मी ओरडतच काकांकडे धावले.

गावाचं नाव मी मुद्दाम लिहिलेलं नाही. फोटो कुठे टाकताना त्यातलं ठिकाण पुसून टाका, ही माझी कळकळीची विनंती. आपल्या नखांसारख्याच केराटिनच्या त्या खवल्यांसाठी या मुंग्या-वाळवी खाणाऱ्या बिनदाताच्या प्राण्याला मारतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात त्याला पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे, तरीही मारतात. आणि कॅमेरा स्वतःच्या जमिनीतच बांधा; वनखात्याच्या हद्दीत परवानगी लागते.

मृग लागण्याआधी तो उतरवायचा आहे. तोवर दर रविवारी कार्ड काढते. काका गडग्यावर बसून वाट बघतात आणि मी वर येताना लांबूनच विचारतात, "शेपटीर पिल्लू बसलेला दिसता काय गो?"