आमची वाटचाल : ढिगाला पचेल तेवढंच

हुक्केरी, संकेश्वर, चिकोडीकडं ऊसतोड झाली की रानोरान पाचट पेटवलेलं दिसतं. आमचा धंदा त्याच पाचटावर उभा आहे. साखर कारखान्याचा प्रेसमड, म्हणजे रस गाळून उरलेली मळी, गावातलं शेण आणि फुकटचं पाचट मिसळून कंपोस्ट करायचं, एवढ्या हिशोबावर धाकट्या भावानं आणि मी बेळगावजवळ भाड्याच्या जागेत काम सुरू केलं.

पाचट फुकट, पण कुजायला महाहट्टी. त्यातलं सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजचीच लांबलचक साखळी, तीही लिग्निनमध्ये गुरफटलेली. एवढं मोठं धूड जिवाणूच्या किंवा बुरशीच्या आत जात नाही. म्हणून ते विकरं, म्हणजे एन्झाइम, बाहेर सोडतात, साखळी बाहेरच तोडतात आणि सुटलेली साखर तेवढी शोषून घेतात. पाचटात कार्बन उदंड, नत्र नावाला. शेण आणि प्रेसमड घालून हे प्रमाण 25-30 ला 1 वर आणलं, ओल राखली, की काही दिवसांत ढीग 60 अंशांच्या घरात तापतो. पलटताना वीतभर खाली राखेसारखा करडा-पांढरा थर लागतो. नवा गडी हमखास म्हणतो, "मालक, आतनं जळालंय की!" ते ॲक्टिनोमायसीट्स, बुरशीसारखे धागे करणारे जिवाणू. वळवाच्या पावसात मातीला येणारा वासही त्यांचाच.

शेतकऱ्यांच्या ओळखीच्या ट्रायकोडर्मा बुरशीची गोष्ट तर मला फार आवडते. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचं सुती कापड, तंबू कुजायला लागले. त्यातून वेगळी काढलेली ट्रायकोडर्मा रीसी आज सेल्युलोज तोडणाऱ्या विकरांच्या उत्पादनासाठी जगभर वापरतात. तिच्याच भाऊबंदांचं कल्चर आम्ही पाचटावर शिंपडतो.

पावसाळ्यात ढीग भिजून आंबायचे, म्हणून कर्ज काढून शेड घातली. पोत्यावर कन्नड आणि मराठी दोन्ही छापलं, गिऱ्हाईक दोन्हीकडचं.

मग भाजीवाले शेतकरी मल्चिंग पेपर, म्हणजे वाफ्यावर अंथरायचा प्लास्टिकचा कागद, घेऊन यायला लागले. "हे बी घ्या की तुमच्या ढिगात." नाही म्हटलं, तर एकानं मोबाइल पुढं केला: प्लास्टिक खाणारा जिवाणू सापडला! बातमी खोटी नव्हे. 2016 साली जपानी शास्त्रज्ञांनी इडिओनेला साकाइएन्सिस जाहीर केला. पण तो खातो पेट, म्हणजे पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक. तेही प्रयोगशाळेत, पातळ फिल्म, 30 अंशांवर, सुमारे सहा आठवड्यांत. पेटच्या साखळीत एस्टर बंध असतात, तिथं विकराला कापायला जागा मिळते. मल्चिंग पेपर पॉलिथिनचा. सलग कार्बनला कार्बन जोडलेला, विकराचा दात कुठं लागणार? आमच्या ढिगात त्याचे बारीक तुकडे होतील आणि खताबरोबर परत त्याच शेतकऱ्याच्या रानात जातील.

हल्ली मंगल कार्यालयांचा ओला कचराही घेतो. तो 'कंपोस्टेबल' पिशव्यांतून येतो. पिशवीवर नुसतं हिरवं पान छापलेलं आम्हाला चालत नाही, प्रमाणपत्र क्रमांक लागतो. त्यातलं पीएलए, म्हणजे वनस्पतींच्या साखरेपासून केलेलं प्लास्टिक, 60 अंशांच्या आसपास मऊ पडतं, उष्णतेनं आणि ओलीनं त्याची साखळी तुटते, मग जिवाणूंचं काम सोपं. घरच्या कुंडीत ही उष्णता मिळत नाही. म्हणून अशा पिशव्या आम्ही ढिगाच्या पोटात घालतो, कडेला नाही. चाळणीवर उरलेले तुकडे पुढच्या ढिगात जातात. मल्चिंग पेपर मात्र परत. भंगारवाला घेतो, तोही माती झटकून दिला तरच.