ओटीजवळचा कॅमेरा

मागच्या दिवाळीनंतर मायला कापूस वेचताना शूट केलं. लग्नाच्या कामासाठी आणलेला ड्रोन घरीच होता, तोच उडवला. वरून सगळं वावर पांढरं, मधून बंडीचा रस्ता, धुऱ्यावर पळसाची झाडं. चित्र देखणं आलं. संध्याकाळी मायला लॅपटॉपवर दाखवलं. बराच वेळ पाहून ती म्हणाली, "याच्यात मी कोठी हावो बापू?"

मी बोट ठेवून दाखवलं. लाल ठिपका होता. तिचं लुगडं लाल होतं.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यातला. लग्नसराईत शूटिंग करतो, बाकीचे महिने मिक्सिंग. वर्षातून एखादी छोटी डॉक्युमेंटरी स्वतःच्या पैशानं करायची, हे सहा वर्षांपासून ठरवलेलं आहे. त्यातल्या तीन पूर्ण झाल्या. मायवरची चौथी. ती त्या एका प्रश्नापाशी येऊन थांबली होती.

मग नागपूरच्या मित्रानं मेक्सिकोतल्या एउहेनियो पोलगोव्स्की या दिग्दर्शकाची 'लोस एरेदेरोस' ही डॉक्युमेंटरी दाखवली. नावाचा अर्थ वारसदार. आमच्याकडे वारस म्हटलं की तलाठी आणि सातबारा आठवतो. या फिल्ममधल्या लेकरांच्या नावावर जमीन नाही. आई-बापाकडून त्यांना मिळतं ते काम. कोणी लाकडाचा भारा पाठीवर घेऊन डोंगर उतरतो, कोणी विटा पाडतो, कोणी टोमॅटो आणि मिरच्या तोडतो, कोणी लाकडाची चितारलेली जनावरं कोरतो. गेरेरो, वाहाका या डोंगराळ राज्यांतली कुटुंबं हंगामात सिनालोआच्या मोठ्या शेतांवर तोडणीला जातात. आपल्या गडचिरोली-चंद्रपूरची माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात ना, लेकरं बरोबर घेऊन, अगदी तसंच.

दीड तासाची फिल्म. निवेदन नाही, मुलाखत नाही. मला स्पॅनिशचा एक शब्द येत नाही आणि एकदाही अडलं नाही.

माझी नजर मात्र कॅमेरा कुठे आहे यावरच होती. तो लेकरांच्या उंचीवर आहे. पोरगा चालला की त्याच्या मागे चालतो, वाकला की वाकतो. कोयता लाकडावर बसतो तो आवाज, दम लागल्याचा श्वास, सगळं जवळून. दिग्दर्शन पोलगोव्स्कीचं, कॅमेरा त्याचा, संकलन त्याचं आणि निर्मितीही त्याचीच. मोठं युनिट नेलं असतं तर त्या पोरांनी हातातलं काम टाकून युनिटकडे पाहिलं असतं. आमच्या गावात कोणी नुसता ट्रायपॉड उभा केला तरी अर्धी आळी जमते.

पोलगोव्स्की 1977 चा, मेक्सिको सिटीतला. तिथल्या सेंत्रो दे कापासितासियोन सिनेमातोग्राफिका या सिनेमाशाळेत शिकला. शिकत असतानाच 2004 मध्ये त्यानं 'त्रोपिको दे कान्सेर' केली, म्हणजे कर्कवृत्त. सान लुईस पोतोसीच्या वाळवंटात महामार्गाच्या कडेला राहणारी कुटुंबं उंदीर, साप, पक्षी पकडतात आणि जाणाऱ्या गाड्यांना दाखवून विकतात. तेच कर्कवृत्त आपल्याकडे भोपाळच्या थोडं वरून जातं. पांढरकवड्याच्या पुढे हैदराबाद रोडला ऑक्टोबरात कोलाम आदिवासींची लेकरं सीताफळाच्या टोपल्या घेऊन उभी असतात. गाडी दिसली की टोपली वर होते, गाडी निघून गेली की खाली येते. त्या रस्त्यानं मी शंभरदा गेलो असेन, नेहमी गाडीतून. टोपलीमागे उभं राहून गाडीकडे पाहावं, हे मला त्या फिल्मनंतर सुचलं.

पुढे 2008 मध्ये 'लोस एरेदेरोस' व्हेनिसच्या महोत्सवात गेली. 2012 ची 'मितोते' मेक्सिको सिटीच्या सोकालो चौकातली. एकीकडे नोकरी गेलेल्या वीज कामगारांचं उपोषण, दुसरीकडे पडद्यावर फुटबॉलचा वर्ल्डकप पाहणारी गर्दी. 2016 ची 'रेसुरेक्सिओन' हालिस्कोतल्या सान्तियागो नदीची. तिथल्या धबधब्याला एकेकाळी मेक्सिकोचा नायगारा म्हणायचे. कारखान्यांच्या पाण्यानं तीच नदी विषारी झाली.

आता एक गोष्ट, जी मी आजवर लिहिली नव्हती. सात-आठ वर्षांपूर्वी बाहेरून आलेल्या एका टीमनं मला दिवसाच्या रोजावर कॅमेऱ्याला घेतलं होतं. विषय शेतकरी आत्महत्या. यवतमाळात या विषयावर किती कॅमेरे येऊन गेले, त्याचा हिशेब नाही. आम्ही गेलो त्या घरची बाई पराटीची फणकटं, म्हणजे कापसाच्या झाडांच्या वाळलेल्या काड्या, बांधत होती. तिला काम थांबवायला लावलं, बाजेवर बसवलं, भिंतीवरचा नवऱ्याचा फोटो काढून हातात दिला. "ताई, जरा छातीशी धरा." तिनं धरला. रडू आलं नाही, तर परत विचारलं. फोकस मीच लावत होतो. फणकटांची मोळी तिच्या पायाशी अर्धवट बांधलेली होती आणि ती फ्रेममध्ये येत होती, म्हणून मीच ती पायानं बाजूला सरकवली.

त्या दिवसाचा रोज मी घेतला. आजही तिच्या घरावरून जाताना मी गाडी हळू करत नाही.

'लोस एरेदेरोस' पाहताना मला ती मोळी आठवली. पोलगोव्स्कीनं कोणाला काम थांबवायला लावलं नाही. तो मोळीचाच शॉट घेत बसला असता. बाई दोरी कशी ओढते, गाठ मारताना दातांचा आधार कसा घेते, हे त्यानं पाहिलं असतं. बाईचं काम थांबवलं की ती आपल्या विषयाची होते. काम करत असते तोवर ती स्वतःची असते.

डिसेंबरात दुसऱ्या वेच्याला मी पुन्हा वावरात गेलो. ड्रोन घरी ठेवला. छोटा कॅमेरा घेतला, मायच्या बाजूची ओळ धरली आणि कमरेला कापूस ठेवायची ओटी बांधून वेचू लागलो. लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत वेचायचो, तेव्हा किलोला रुपया मिळायचा. आता दहा रुपये झालेत. वाळलेल्या बोंडाची टोकं नखाच्या कडेला तशीच टोचतात. तासाभरात मायला माझा विसर पडला. तेव्हा ओटीजवळ कॅमेरा धरला.

तिचा हात एका जागी थांबतच नाही. पाचही बोटं बोंडात जातात, चारही कप्प्यांतला कापूस एका ओढीत येतो, पालापाचोळा अंगठ्यानं तिथल्या तिथे झटकला जातो आणि तोवर दुसरा हात पुढच्या बोंडावर असतो. उजव्या तर्जनीचं नख मधोमध चिरलेलं आहे. छत्तीस वर्षं मी या हातचं खातो आणि ते नख मी कॅमेऱ्यातून पाहिलं.

आणखी एक. आज आपल्या वावरात जी पराटी आहे, ती अमेरिकन कापसाची जात, आणि तिचं मूळ मेक्सिकोतलं. मायला सांगितलं तर म्हणाली, "मंग तिकडच्या बायाईचेही हात असेच असतीन."

फिल्म अकरा मिनिटांची झाली. एका स्पर्धेच्या परीक्षकांनी कळवलं की निवेदन आणि बासरी टाका, नाहीतर प्रेक्षकांना भिडणार नाही. मी टाकलं नाही. पराटी सुकल्यावर पानांचा जो चुरचुर आवाज येतो, तो बासरीखाली दबला असता. तो आवाज पकडायला मला दोन सकाळी लागल्या, कारण दहानंतर वारा सुटतो.

पोलगोव्स्की 2017 मध्ये लंडनला वारला. फक्त चाळीस वर्षांचा होता. त्यानं घराच्या खिडकीतून, सोबत लहानगी लेक घेऊन, विजेच्या तारेवर घरटं करून बसलेल्या पक्ष्याला शूट केलं होतं. ते फुटेज तसंच राहिलं. पुढे त्याच्या बहिणीनं त्यातून 'मालिन्त्सिन 17' पूर्ण केली. लेक प्रश्न विचारते, बाप उत्तर देतो, पक्षी तारेवर. इतकीच फिल्म. ती मी एकट्यानं पाहिली.

परवा रात्री आमच्या अंगणात चादर लावून मायची फिल्म दाखवली. वेचणीच्या दहा-बारा बाया आल्या होत्या. एकमेकींचे हात ओळखू लागल्या. "हे तुहं हाय." "नाही वं, हे मह्या सुनेचं." माय पुढे सरकून बसली होती. एका जागी ती एकदम म्हणाली, "थांबव." मी थांबवलं. पडद्यावर तिचीच बोटं, बोंडात अर्धी गेलेली.

"हे कवडी हाय," ती म्हणाली. कवडी म्हणजे किडका, खराब कापूस. "चांगल्या कापसात टाकली मी. व्यापारी भाव पाडन."

बाया हसल्या. मायनं पुन्हा सुरू करायला सांगितलं.